कोर्टाच्या फाटकावरचा पोलीस नेमका कुणाचा?

वकीलताई, इंदूर
मागच्या महिन्यात एका तालुक्याच्या कोर्टात पेशी होती. फाटकावर मेटल डिटेक्टर बंद, शेजारी एकच हवालदार. बाकीचे कुठे, तर बंदोबस्ताला. आपल्याकडे अनंत चतुर्दशीच्या झांक्या म्हणजे देखाव्यांची मिरवणूक, रंगपंचमीची गेर म्हणजे रंगांची मिरवणूक, मंत्र्यांचा दौरा, काहीही असलं की आधी कोर्टातली माणसं उचलतात. घटनेच्या कलम 235 नुसार खालच्या न्यायालयांवर नियंत्रण हायकोर्टाचं. पण फाटकावरच्या शिपायाचा पगार, बदली, हुकूम सगळं गृहखात्याकडे. जिल्हा न्यायाधीश फक्त पत्र लिहू शकतात. दिल्लीत रोहिणी कोर्टात 24 सप्टेंबर 2021 ला वकिलांच्या वेशातल्या दोघांनी भर कोर्टात पेशीला आणलेल्या गुंड जितेंदर गोगीला मारलं. ऑगस्ट 2023 मध्ये सुप्रीम कोर्टानं प्रत्येक कोर्टासाठी सुरक्षा आराखडा आणि कायमस्वरूपी पथक असावं असे निर्देश दिले. माझं म्हणणं, हे पथक न्यायालयाच्याच हाताखाली हवं.

निवृत्त फौजदार
ताई, साफ असहमत. बंदूकधारी माणूस न्यायाधीशांच्या हाताखाली दिला तर त्याचा सराव, हत्यारांची तपासणी, गडबड झाल्यास जादा कुमक कोण बघणार? रोहिणीत त्या दोघांना जागीच टिपलं ते गोगीला घेऊन आलेल्या पोलिसांनीच. आणि ते मारेकरी आत शिरले कसे? काळ्या कोटाला कुणी अडवत नाही म्हणून. झडती घ्यायला गेलं की वकीलमंडळी घोषणा देतात, हे मी स्वतः सोसलंय. आधी ते बदला.

रामबागवाला
तुम्ही दोघं फाटक कडक करायचं म्हणताय, रांगेत उभं कोण राहतं? आमची आई बहात्तर वर्षांची, जमिनीच्या केससाठी येते. तिचा डबा उघडून बघतात, तोवर आत पुकारा होऊन जातो. वकील बाजूच्या दारानं सरळ आत. कैदीच कमी आणा, व्हिडिओवरून पेशी करा. निम्मी जोखीम तिथेच संपेल.

नागपूरची लेक, सून इंदूरची
2004 साली नागपुरात कोर्टाच्या आवारात जमावानं वस्तीला छळणाऱ्या गुंड अक्कू यादवला मारलं. तो जमाव पाहुणा नव्हता, वस्तीतलाच होता. फाटकावरच्या यंत्रानं असला राग थोडाच ओळखता येतो.

वकीलताई, इंदूर
रामबागवाले, न्यायालयीन कोठडी वाढवायला व्हिडिओ चालतो, पण पोलीस कोठडीसाठी आरोपीला प्रत्यक्षच हजर करावं लागतं. आणि साक्षीपुराव्याच्या वेळी आरोपी समोर असणं हा त्याचा हक्क आहे, तो मी सोडणार नाही. तुमच्या आईंबद्दल मात्र मान्य. म्हाताऱ्यांना वेगळी खिडकी हवी, आणि वकिलांची झडती सगळ्यांसारखीच. बार असोसिएशनच्या पुढच्या बैठकीत मी हे मांडणार, शिव्या खाव्या लागल्या तरी.
फौजदारसाहेब, पगार आणि सराव तुमच्याकडेच राहू द्या. एवढंच करा: नेमणूक दोन वर्षांची, पैसा अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली, आणि जिल्हा न्यायाधीशांच्या लेखी संमतीशिवाय एकही माणूस हलवायचा नाही.

निवृत्त फौजदार
दोन वर्षं चालेल. लेखी संमती नाही चालणार. शहरात दंगल पेटली आणि साहेब कोर्टात बसलेत, तर कागदाची वाट बघू?

वकीलताई, इंदूर
दंगल असेल तर फोन करा, सही नंतर घ्या. पण झांकीला दंगल म्हणू नका.