मदत हवी आहे : थंडीत गोगलगायींना ऊब कशी द्यावी? (ठाणे, कमी खर्चात)

उपवनकर :

नमस्कार. आमच्या घरी दोन गोगलगायी आहेत, चकली आणि जिलबी. शंखावरची वेटोळी बघून लेकीने ही नावं ठेवली. जुलैत सोसायटीच्या कुंपणाच्या भिंतीवर सापडल्या तेव्हा सुपारीएवढ्या होत्या, आता चकलीचा शंख माझ्या अंगठ्याहून लांब आहे. तपकिरी, टोकदार, उभ्या पट्ट्यांचा. पावसाळ्यात आपल्याकडे जिथे तिथे दिसते ती आफ्रिकन गोगलगायच.

दिवाळीपर्यंत सगळं छान होतं. रात्री दिवे मालवले की काकडी खरवडल्याचा बारीक आवाज यायचा, लेक तो ऐकत झोपायची. डिसेंबरच्या मध्यापासून खाणं कमी झालं, मग दोघी शंखात शिरल्या आणि तोंडावर कागदासारखा पांढरट पडदा आला. आज पंधरा दिवस झाले. आम्ही उपवन तलावाजवळ तिसऱ्या मजल्यावर राहतो. खिडकी येऊरच्या डोंगराकडे आहे, पहाटे लाद्यांवर पाय ठेववत नाही.

तीन रात्री डब्यावर ४० वॉटचा पिवळा बल्ब लावला. वरचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा चुरा) भुशासारखं सुकलं आणि दोघी आणखी आत गेल्या, म्हणून बंद केला. ऑनलाइन हीट मॅट (विजेवर तापणारी चटई) पाहिली, थर्मोस्टॅट (ठराविक तापमानाला ती आपोआप बंद करणारं उपकरण) धरून दोन हजारांच्या वर जाते. या महिन्यात मला पाचशेच्या आत बसवायचं आहे. लेक शाळेतून आली की दप्तर न काढता डबा उघडते आणि विचारते, "आई, मेल्या का गं?" तिला खरं उत्तर द्यायचंय. कोणी पाळल्या असतील तर कृपया सांगा.

ओली_माती (ऐरोली) :

ताई, मेल्या नसाव्यात. मेलेली गोगलगाय लपून राहत नाही, दोन दिवसांत खोलीभर असा वास सुटतो की विचारावं लागत नाही. पडदा शाबूत आहे, शंख हाताला जड लागतो, म्हणजे तिने आतून दार लावून घेतलंय. तो पडदा तिच्याच चिकट स्रावाचा असतो, वाळून कडक होतो. नखाने काढू नका, लेकीलाही काढू देऊ नका.

हे दार ती दोन कारणांनी लावते, थंडीमुळे किंवा कोरडेपणामुळे. माझी तीन हिवाळ्यांची समजूत अशी की आपल्याकडे दुसरं कारण मोठं असतं. ही जात गारठून मरावी एवढी थंडी ठाण्यातल्या घरात पडत नाही. २० अंशांच्या खाली ती मंदावते, २३ ते २७ मध्ये खूश असते. पण या दिवसांत वारा समुद्राकडून न येता जमिनीकडून येतो. आपले ओठ फुटतात, टाचांना भेगा पडतात. जिचं सगळं अंगच ओलं, तिला हे किती लागत असेल! त्यात बल्बने उरलीसुरली ओल उडवली. शिवाय तिला उजेड नकोच असतो.

ऊब देण्याआधी मोजा. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र दीड-दोनशेत मिळतं. ते डब्याच्या आत ठेवा आणि पहाटेचे आकडे इथे लिहा.

उपवनकर :

यंत्र आणलं, १८० रुपये. रात्री ११ वाजता २३.४ अंश, पहाटे ५ वाजता २०.१. आर्द्रता ४१ टक्के. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच?

ओली_माती (ऐरोली) :

अगदी तसंच. आर्द्रता ७५ च्या वर हवी, ८० ते ९० उत्तम. तापमान तीन-चार अंशांनीच कमी आहे, तेवढ्यासाठी हीट मॅट घेऊ नका.

मी करते ते सांगते. ओळखीच्या मेडिकलवाल्याकडे थर्मोकोलचं खोकं मागा, त्यांच्याकडे लसी आणि इन्सुलिन त्यातून येतं, रिकामी खोकी पडून असतात. मासळीबाजारातलं घेऊ नका, त्यात मीठ मुरलेलं असतं आणि मीठ म्हणजे गोगलगायीला विष. खोक्यात तुमचा प्लास्टिकचा डबा ठेवायचा. रात्री झोपताना दोन लिटरच्या बाटलीत आंघोळीच्या पाण्याइतकं कढत पाणी भरायचं. उकळतं नको, बाटली आवळते. बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून डब्याच्या एका बाजूला उभी ठेवायची. एकाच बाजूला, म्हणजे गरम वाटलं तर तिला सरकायला दुसरी बाजू राहते. खोक्याचं झाकण बोटभर उघडं ठेवा. माझ्याकडे यावर पहाटेपर्यंत तीन अंश जास्त राहतात, वीज शून्य.

ओलीचं महत्त्वाचं. कोकोपीट पूर्ण बदला, तीन-चार बोटं जाड थर द्या. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा पण पाणी गळू नये, पुरणासारखं. नळाचं पाणी भांड्यात रात्रभर उघडं ठेवून मग फवारा. डब्याला वीस भोकं असतील तर निम्मी चिकटपट्टीने बंद करा. भिंतींवर बुरशी दिसली तर थोडी परत उघडा. आणि डबा खिडकीपासून काढून आतल्या भिंतीशी, जमिनीपासून वर ठेवा, हे सगळ्यात स्वस्त.

फ्यूजवायर (कळवा) :

पुढे कधी हीट मॅट घेतलीत तर डब्याखाली घालू नका. उकडलं की गोगलगायी जमिनीत खाली शिरतात, म्हणजे थेट गरम तळावर जाऊन बसतात. आमच्या एका शेजाऱ्याकडे असंच झालं, सकाळी दोन्ही गेल्या होत्या. मॅट बाहेरून, एका बाजूला, मातीच्या पातळीच्या वर लावायची आणि थर्मोस्टॅटशिवाय चालू करायची नाही. फिश टँकचा हीटर ओल्या मातीत खुपसायचा सल्लाही वाचनात येईल. तो पाण्याबाहेर चालला की काच तडकते, ओलीत शॉक बसतो. मुलं हात घालतात त्या डब्यात २३० व्होल्ट नकोत.

सोयाबीन (खारघर, मूळ लातूर) :

राग मानू नका, पण २०२२ च्या खरिपात लातूर-बीडकडे गोगलगायींनी सोयाबीनची रोपं उगवता उगवता खाल्ली. आमच्या घरी दुबार पेरणी झाली. वडील रात्री बॅटरी घेऊन बादल्या भरभरून वेचायचे. त्यांना सांगितलं की ठाण्यात लोक ऊब देऊन जगवतात, तर त्यांना काय वाटेल?

उपवनकर :

दादा, राग नाही. लेकीला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, ती बराच वेळ गप्प होती. आम्ही त्या बाहेर सोडणार नाही, हा शब्द देते.

ओली_माती (ऐरोली) :

सोयाबीन यांचं बरोबर आहे आणि पाळणाऱ्या प्रत्येकाने ते ऐकावं. ही गोगलगाय मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये बेन्सन नावाच्या ब्रिटिशाने मॉरिशसहून कलकत्त्याला आणली, तिथल्या बागेत ती सोडली गेली आणि तिथून ती देशभर पसरली. दोन-चार शंखांनी एवढं केलं. त्यामुळे कंटाळा आला म्हणून येऊरला नेऊन सोडणं हा पर्यायच नाही. आणि ताई, प्रत्येक गोगलगायीत नर-मादी दोन्ही असतात, जोडी असली की अंडी आलीच, एका वेळी शंभरावरही. ऊब मिळाली की घालतील. माती दर आठवड्याला चाळा. साबुदाण्याहून मोठे पिवळसर दाणे दिसले तर त्याच दिवशी पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन दिवस ठेवा, मग कचऱ्यात.

अजून एक. बाहेरून आणलेल्या आहेत, तेव्हा हाताळल्यावर साबणाने हात धुवायलाच हवेत. उंदरांच्या फुफ्फुसातली एक कृमी गोगलगायींच्या अंगात वाढते, ती पोटात गेली तर माणसाच्या मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते. डबा स्वयंपाकाच्या सिंकमध्ये धुऊ नका.

उपवनकर (नऊ दिवसांनी) :

खोकं फुकट मिळालं. कोकोपीटची वीट ९० रुपये, फवाऱ्याची बाटली ४०, यंत्र १८०. एकूण ३१०. पहाटे आता २३ च्या आसपास आणि ८२ टक्के.

पाचव्या रात्री चकलीचा पडदा गळून पडला होता. शिंगं बाहेर काढायला तिला अर्धा तास लागला. लेकीला उठवलं, दोघी अंधारात मोबाइलवर लाल कागद धरून बघत बसलो. आधी तिने अंड्याच्या टरफलाचा चुरा खाल्ला, मग दुधीची चकती. लेक म्हणाली, आवाज आला.

जिलबी अजून बंद आहे. शंख जड आहे, वास नाही. कोमट पाण्यात बुडवावं का?

ओली_माती (ऐरोली) :

बुडवू नका. बशीत पाव बोट कोमट पाणी घ्या, शंखाचं तोंड वर राहील अशी दहा मिनिटं ठेवा, दिवसाआड. नाही उघडलं तर तशीच ओल्या मातीवर ठेवा आणि थांबा. माझी एक जानेवारीभर बंद होती, फेब्रुवारीत उठली.