मदत हवी आहे: बाबांच्या फोनमध्ये बँकेच्या नावाने फाईल आली

नमस्कार मंडळी,
काल दुपारी बाबांना फोन आला. "बँकेतून बोलतोय, केवायसी राहिलंय, संध्याकाळी खातं बंद होईल." बोलणारा मराठीच, दर वाक्याला 'काका, काका' करत होता. व्हॉट्सॲपवर फाईल आली. चित्र बँकेच्या लोगोचं, पण नावाच्या शेवटी एपीके, म्हणजे ॲप इन्स्टॉल करायची फाईल. बाबांनी ती इन्स्टॉल केली आणि मेसेज वाचायची परवानगीही देऊन टाकली. एकामागून एक ओटीपी यायला लागले तेव्हा आईने फोन हातातून ओढून घेतला. पैसे वाचले ते तिच्यामुळे.

मी लगेच वायफाय बंद केलं आणि सिम काढून जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं. डेबिट कार्डामागच्या नंबरावर फोन करून कार्ड, नेट बँकिंग, यूपीआय सगळं बंद करून घेतलं.

आता विचारायचंय ते असं. नुसतं ॲप काढून भागेल की फॅक्टरी रीसेटच करावं लागेल? रीसेटआधी फोटोंचा बॅकअप घेतला तर धोका आहे का? पैसे गेले नसतील तरी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतात का?

आणखी एक. बँकांनी व्यवहारांसाठीचे कॉल 1600 ने सुरू होणाऱ्या नंबरांवरूनच करावेत असं रिझर्व्ह बँकेने सांगितलंय. मग एखाद्या साध्या नंबरावरून 'शाखेतून बोलतोय' असा फोन आला तर बाबांनी काय करायचं? मी म्हणते, सरळ ठेवून द्या आणि शाखेत जा. तुमच्या घरी काय ठरवलंय?

पेन्शन याच खात्यात येते. बाबा कालपासून फोनला हात लावत नाहीयेत, जेवलेही नीट नाहीत. कोणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.