मदत हवी आहे: आइसलँडच्या घोडेस्वारी सहलीसाठी सामान काय न्यावं, काय घरीच ठेवावं?

नमस्कार मंडळी,

जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात मी आणि माझी मुलगी आइसलँडला घोड्यावरच्या सहलीला चाललो आहोत. तिथे क्योलुर नावाची जुनी वाट आहे. लांगयोकुल आणि हॉफ्सयोकुल या दोन मोठ्या हिमनद्यांच्या मधून ती दक्षिणेकडून उत्तरेला जाते. रोज ३० ते ४० किलोमीटर रपेट, रात्री डोंगरातल्या साध्या हटमध्ये मुक्काम, मोठी बॅग गाडीने पुढे जाणार. आमच्यासोबत मोकळ्या घोड्यांचा कळपही पळत असेल आणि दिवसातून दोन-तीनदा त्यातलेच ताजे घोडे बदलून घ्यायचे.

मी पुण्यात बरीच वर्षं घोडेस्वारी करते. मुलगी जर्मनीत शिकते, तीही तिथल्या तबेल्यात नियमित जाते. त्यामुळे घोड्यावर बसण्याची चिंता नाही. प्रश्न सामानाचा आहे आणि तो मला नेहमीच्या 'थंडीचे कपडे किती न्यावेत' यापेक्षा बराच गंभीर वाटतो.

आयोजकांनी कळवलंय की वापरलेलं खोगीर, लगाम, चाबूक आणि स्वारीचे हातमोजे देशात आणायलाच बंदी आहे. वापरलेले कपडे, बूट, हेल्मेट आणायचे तर आधी नीट धुऊन निर्जंतुक करून. कारण वाचलं तेव्हा पटलं. जवळजवळ हजार वर्षं त्या बेटावर बाहेरून घोडा आलेला नाही. तिथला घोडा एकदा देशाबाहेर गेला की परत येऊ शकत नाही. जागतिक स्पर्धेत जिंकलेल्या घोड्यालाही सूट नाही, स्वार एकटा घरी परततो. घोड्यांचे जे आजार इतर देशांत सर्रास आढळतात त्यातले बरेच तिथे नाहीत, म्हणून त्या घोड्यांच्या अंगात त्यांच्याशी लढायची ताकदही नाही. २०१० मध्ये तिथे श्वसनाच्या आजाराची साथ देशभर पसरली आणि त्यांचा राष्ट्रीय अश्वमेळावा, लांड्समोट, वर्षभर पुढे ढकलावा लागला.

माझ्यामुळे तिथल्या एकाही घोड्याला त्रास होता कामा नये. म्हणून हे प्रश्न:

माझे चामड्याचे गुडघ्यापर्यंतचे बूट पायाला अगदी बसलेले आहेत. टाचेच्या शिवणीत तबेल्याची माती घट्ट बसलीय, ब्रशनेही पूर्ण निघत नाही. हे न्यावेत की नाहीच? हेल्मेट तिथे मिळणार आहे, पण स्वतःचं डोक्याला नीट बसतं त्याचा भरवसा वेगळाच. ते कसं निर्जंतुक करायचं?

कपड्यांचे थर नक्की कसे लावायचे? तिथे जुलैतसुद्धा डोंगराळ भागात पारा ५ ते १० अंशांच्या आसपास, वर वारा आणि आडवा पाऊस असं ऐकते. आपल्याकडचा पावसाळी रेनकोट तिथे चालेल का?

आणि मी शाकाहारी आहे. बरोबर काय नेता येईल? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

ताई, मी डेन्मार्कमध्ये राहतो. काही वर्षांपूर्वी बायकोबरोबर याच वाटेने गेलो होतो. बूट घरीच ठेवा. शिवणीतली माती निघत नसेल तर प्रश्नच मिटला. शिवाय वाटेत नद्या लागतात, घोडा पोटापर्यंत पाण्यात जातो आणि चामडं एकदा भिजलं की हटमध्ये रात्रभरात वाळत नाही. आम्ही साधे रबरी गमबूट नेले होते, आत दोन लोकरी मोजे. फक्त तळवा फार जाड, खाचांचा नको, रिकिबीत अडकतो. ट्रेकिंगचे बूट म्हणूनच टाळा.

रेनकोट नेऊ नका. आपला रेनकोट मुंबईच्या सरींसाठी ठीक आहे, तिथल्या वाऱ्यात तो फडफडतो आणि फडफडणाऱ्या प्लॅस्टिकला घोडे बुजतात. बहुतेक आयोजक जाड, भडक रंगाचा पावसाळी डगला आणि पँट देतात. एकदा विचारून घ्या.

थर असे: अंगालगत लोकरीचं पातळ थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरी स्वेटर, वर तो डगला. सुती काहीही नको. जीन्स तर मुळीच नको, आतल्या बाजूची शिवण दुसऱ्या दिवशी मांड्या सोलते. शिवण नसलेल्या आतल्या पँटी, कानटोपी, गळ्याला मफलर नको, नळीसारखा बफ घ्या म्हणजे सुटं टोक लोंबणार नाही. पोहण्याचा पोशाख विसरू नका. वाटेत ह्वेराव्हेट्लिरला गरम पाण्याचं कुंड आहे. दिवसभर खोगिरावर बसून तिथे पाय सोडून बसलो, तेव्हा कंबर पुन्हा आपली वाटायला लागली! डोळ्यांवर बांधायची पट्टीही हवीच, जुलैत रात्र अशी होतच नाही.

मोबाइल, लिप बाम, रुमाल हे सगळं चेन असलेल्या कमरपाकिटात. पाठीवर सॅक नको. दुडक्या चालीत ती सारखी आपटत राहते आणि पडलात तर पाठीला लागते. तिथल्या घोड्यांची टॉल्ट नावाची चाल मात्र अशी सपाट की माणूस खोगिरावरून जराही उचलला जात नाही. ती अनुभवाल तेव्हा कळेल.

प्रतिसाद २

मी पशुवैद्य आहे, म्हणून फक्त स्वच्छतेबद्दल लिहिते.

तुमची काळजी अगदी रास्त आहे. आपल्याकडे २००६ मध्ये पुणे-पाचगणी भागात घोड्यांमध्ये ग्लँडर्स या संसर्गजन्य आजाराची साथ आली होती. आपल्या तबेल्यातलं सामान दुसऱ्या देशात नेताना हे लक्षात ठेवलेलं बरं.

क्रम महत्त्वाचा. आधी साबणाच्या पाण्याने घासून शेण, केस, घाम पूर्ण काढायचा. मळावर नुसतं जंतुनाशक फवारून उपयोग नाही, ते मळातच निष्प्रभ होतं. मग वस्तू पूर्ण वाळवा. त्यानंतर विरकॉन एस या जंतुनाशकाचं १ टक्का द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात १० ग्रॅम पावडर, फवारून पुन्हा वाळू द्या. मिसळताना तोंडाला मास्क, हातात रबरी मोजे. पशुवैद्यकीय औषधांच्या किंवा कुक्कुटपालनाच्या दुकानात ते मिळतं. कपडे मशीनमध्ये धुवायचे. हे सगळं प्रवासाच्या निदान ५ दिवस आधी उरका आणि त्यानंतर त्या वस्तू तबेल्यात नेऊ नका, कपाटात बंद ठेवा.

हेल्मेटचं आतलं अस्तर निघत असेल तर वेगळं धुता येईल. निघत नसेल तर तिथलंच वापरा. मुलीच्या सामानालाही हेच नियम, जर्मनीहून जाणार म्हणून सवलत नाही.

मूळ लेखिका

दोघांचेही मनापासून आभार. बूट आणि हातमोजे घरीच राहतील. हेल्मेटचं अस्तर बटणांवर लागलेलं आहे, सहज निघतं, त्यामुळे तेवढं नेते. मुलीलाही या चर्चेचा धागा पाठवलाय, तिने ब्रीचेस (स्वारीच्या पँटी) आजच मशीनला लावल्या.

एक राहिलंच. नवे बूट आणि हातमोजे आधी थोडे वापरून पाहावेत ना? कोरे बूट घालून रोज ३०-४० किलोमीटर नको वाटतं. आणि खाण्याचं?

प्रतिसाद १

बूट जरूर रुळवा, पण घरात आणि सोसायटीच्या जिन्यावर. तबेल्यात एकदा जरी घालून गेलात तरी ते 'वापरलेले' झाले! हातमोजे कोरेच न्या, बोटांना रबरी पकड असलेले लोकरी घ्या, ओल्या लगामावरून हात घसरत नाही.

खाण्याचं आयोजकांना आत्ताच लिहून कळवा, तिथे मासे आणि मेंढीचं मटण हाच मुख्य बेत असतो. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे, खवा, तूप नको. मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले दाणे, गुळाची चिक्की चालते. चिक्की कमरपाकिटात ठेवा, घोडे बदलताना दहा मिनिटं मिळतात तेव्हाच पोटात काहीतरी जातं.