मदत हवी आहे: माझ्या कर्नलवर लिनक्सचे प्रोग्राम चालतात, पण टाकून दिलेली मेमरी परत येते

मंडळी, बरेच महिने फावल्या वेळात एक छोटा कर्नल (ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा) लिहितोय (६४ बिट, इंटेल-एएमडी). मेमरीची रचना आणि फ्लॅगचे (कॉलसोबत द्यायच्या पर्यायांचे) आकडे फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टमच्या धर्तीवर घेतलेत. लिनक्ससाठी कंपाइल झालेले प्रोग्राम त्यावर जसेच्या तसे चालवायचे आहेत. व्हर्च्युअल मशीन नाही. लिनक्सचा सिस्टम कॉल (प्रोग्रामने कर्नलकडे केलेली मागणी) ओळखायचा आणि आपल्या कॉलकडे वळवायचा, बस. रीड, राइट, ओपन निमूटपणे झाले. एममॅप (मेमरी किंवा फाइल पत्त्यांवर बसवून देणारा कॉल) आणि त्याच्या भावंडांनी मात्र पिच्छा पुरवलाय.

आधी काय निस्तरलंय ते सांगतो, म्हणजे तेच सल्ले परत नकोत.

चौथं आर्ग्युमेंट मी सी फंक्शनच्या सवयीने आरसीएक्स या रजिस्टरमधून घेत होतो. सिस्कॉल इन्स्ट्रक्शन तिथे परतीचा पत्ता ठेवते, म्हणून लिनक्स ते आर१० मधून घेतो. एममॅपचं चौथं आर्ग्युमेंट म्हणजे फ्लॅग. दोन दिवस मी परतीच्या पत्त्याचे बिट फ्लॅग समजून वाचत बसलो होतो!

मग एररची गंमत. माझा कर्नल बीएसडीसारखा प्रोसेसरचा कॅरी फ्लॅग लावून एररचा आकडा परत द्यायचा. लिनक्सचा प्रोग्राम कॅरीकडे बघतच नाही. त्याला आरएएक्समध्ये -४०९५ ते -१ यातलं काही दिसलं तरच एरर. त्यामुळे "इनव्हॅलिड आर्ग्युमेंट"चा २२ त्याने मिळालेला पत्ता समजून घेतला आणि पत्ता २२ वर लिहायला जाऊन मेला.

फ्लॅगचे आकडेही जुळवून झाले. अनॉनिमस (मागे फाइल नसलेली मेमरी) तिकडे ३२, इकडे ४०९६. लिनक्सचा नोरिझर्व्ह १६३८४ आणि फ्रीबीएसडीत नेमका तोच आकडा एक्सक्लूझिव्हचा, म्हणजे सरळ पुढे ढकलला तर अर्थाचा अनर्थ. अनोळखी फ्लॅग दिसला की एरर द्यायची हौसही सोडली, कारण लिनक्सचा साधा एममॅप असले फ्लॅग मुकाट्याने गिळतो.

आता अडलंय ते असं. स्वतःचा ॲलोकेटर (मेमरी वाटून देणारा भाग) असलेला एक प्रोग्राम थोडा वेळ नीट चालतो आणि मग त्याला कोऱ्या पेजमध्ये (मेमरीच्या तुकड्यात) जुना मजकूर सापडतो. दुसरं, बरेच थ्रेड असलेला एक प्रोग्राम चालू असताना लायब्ररी लोड करतो, तो अधूनमधून कोसळतो. एकाच थ्रेडवर कधीच नाही. दोन्हीचं मूळ एक आहे की वेगळं, तेही कळत नाहीये. काय तपासू?

प्रतिसाद १

कॉलचा लॉग टाका. मॅप करणारेच नाही, एमॲडव्हाइज (मेमरी कशी वापरणार ते कर्नलला सांगणारा) आणि एमप्रोटेक्ट (परवानग्या बदलणारा) हे कॉलसुद्धा. "कोऱ्या पेजमध्ये जुनं" म्हटल्यावर माझा संशय ठरलेला आहे, पण आधी लॉग बघू.

प्रतिसाद २

एवढा खटाटोप कशाला? डब्ल्यूएसएलच्या (विंडोजवर लिनक्सचे प्रोग्राम चालवायची सोय) पहिल्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने हेच केलं होतं, लिनक्सचे कॉल विंडोजच्या कर्नलमध्ये वठवायचे. दुसऱ्या आवृत्तीत त्यांनी सरळ खरा लिनक्स कर्नलच आत बसवला.

धागाकर्ता

@२: त्यांना गिऱ्हाईक सांभाळायचं होतं, मला फक्त माझी झोप घालवायची आहे. :)

@१: हा घ्या लॉग, पत्ते गाळून:

एममॅप(शून्य, १०४८५७६, वाचन+लेखन, प्रायव्हेट+अनॉनिमस, -१, ०) = पत्ता
एमॲडव्हाइज(पत्ता, ६५५३६, ४) = ०

४ म्हणजे डोन्टनीड. तो लिनक्समध्येही ४ आणि माझ्याकडेही ४, म्हणून त्याला भाषांतराच्या तक्त्यात घातलंच नाही.

प्रतिसाद १

तिथेच घोटाळा आहे. आकडा एक, नाव एक, अर्थ दोन.

बीएसडीच्या घरात डोन्टनीड हा नुसता सल्ला आहे: "हे पेज मला इतक्यात लागणार नाही." कर्नलने मानला तर मानला, आतला मजकूर शाबूत राहायला हवा. लिनक्समध्ये तो हुकूम आहे. प्रायव्हेट अनॉनिमस मेमरीवर दिला की मजकूर गेला, आणि पुढच्या वाचनाला शून्यच मिळायला हवीत. फाइलचं प्रायव्हेट मॅपिंग असेल तर तुम्ही केलेले बदल जातात आणि फाइलमधला मूळ मजकूर परत दिसतो. पॉझिक्स या युनिक्स मानकाच्या डोन्टनीडला हे चालत नाही, म्हणून लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीचं पॉझिक्स_एमॲडव्हाइज तो सल्ला आला की काहीच न करता ० परत देतं.

तुमच्या प्रोग्रामचा ॲलोकेटर या शून्यांच्या भरवशावर बसलेला दिसतोय. जेमॅलॉक नावाचा ॲलोकेटर जास्त सावध आहे. तो सुरू होतानाच एक पेज भरून, डोन्टनीड देऊन बघतो, आणि शून्य आलं नाही तर तशी सूचना छापून स्वतः मेमसेट करतो (शून्यं भरतो). क्यूएमू या एम्युलेटरच्या यूजर मोडमध्ये अनेकांना ती सूचना दिसलेली आहे.

धागाकर्ता

अरे देवा. वेगळ्या आकड्यांवर महिनाभर डोळ्यांत तेल घालून बसलो आणि सारख्या आकड्याने गळा कापला. डोन्टनीड आला की त्या रेंजची पेज ऑब्जेक्टमधून (मॅपिंगच्या मागच्या पेजच्या साठ्यातून) काढून टाकायची असं केलं. छोटी चाचणी पास.

(दोन दिवसांनी)

पास कसली. फोर्क केलं (प्रोसेसची प्रत काढली) की भूत परत. पालक पेजमध्ये सगळीकडे १७० लिहितो. फोर्क. मूल त्याच पेजवर ८५ लिहितं, डोन्टनीड देतं आणि वाचतं. ० यायला हवा. नीट झालं नसेल तर फार तर ८५ दिसेल असं वाटलं होतं. येतं १७०! मुलाने हे कधी लिहिलंच नव्हतं.

प्रतिसाद ३

फोर्कच्या वेळी शॅडो ऑब्जेक्ट (मूळ ऑब्जेक्टवरचा थर, त्यात फक्त बदललेली पेज) करता ना, माख-बीएसडी पद्धतीने? मग १७० येणारच. पालकाचं मूळ पेज खालच्या ऑब्जेक्टमध्ये आहे. मुलाने लिहिलं तेव्हा त्याची प्रत वरच्या शॅडोमध्ये तयार झाली. तुम्ही वरची प्रत काढलीत, की पुढच्या फॉल्टला (पेज जागेवर नाही असं कळल्यावर) कर्नल साखळीत खाली शोधत जातो आणि त्याला १७० सापडतात. भिंतीवरचा नवा रंग खरवडला की खालचा जुना रंग दिसतो, तसं. आणि खालच्या ऑब्जेक्टमधलं पेज काढायचं म्हणाल तर ते पालकाचंही आहे, त्याला हात लावू नका.

म्हणून पेज काढू नका, मॅपमधली नोंदच बदला. तेवढ्या रेंजपुरती नोंद कापा, तिच्या जागी त्याच परवानग्यांची, पण मागे काहीच साखळी नसलेली कोरी अनॉनिमस नोंद बसवा. प्रायव्हेट फाइल असेल तर त्याच ऑफसेटची ताजी नोंद. शेअर्ड मॅपिंगला मात्र हे करू नका, तिथे फक्त पेजटेबलमधल्या नोंदी पुसायच्या. आणि हे सगळं मॅपचं कुलूप एकदाच घेऊन.

आता तुमचं दुसरं दुखणं. फिक्स्डसाठी (नेमक्या दिलेल्या पत्त्यावरच मॅप करा, असं सांगणारा फ्लॅग) तुम्ही आधी अनमॅप करून, कुलूप सोडून, मग मॅप करता का?

धागाकर्ता

हो. दोन वेगळी फंक्शन्स आहेत, प्रत्येक आपापलं कुलूप घेतं.

प्रतिसाद ३

मग तोच घोळ. जीलिबसीचा लोडर लायब्ररीसाठी आधी एक सलग पट्टा मॅप करतो आणि मग पुढचे सेगमेंट फिक्स्ड लावून त्याच पट्ट्यावर चढवतो. तुमच्या अनमॅप आणि मॅपच्या मध्ये क्षणभर भोक पडतं. नेमकं त्याच वेळी दुसऱ्या थ्रेडने पत्ता न देता एममॅप केलं, तर तुमचा कर्नल त्याला तेच भोक देतो, आणि लगेच फिक्स्ड येऊन त्याच्यावर लायब्ररी ओततो. एरर कुणालाच नाही. एका थ्रेडवर मधे घुसायला कुणीच नसतं, म्हणून तिथे दिसत नाही. "कापा आणि बसवा" हे डोन्टनीडसाठी लिहाल तेच फंक्शन इथे वापरा.

प्रतिसाद १

+१. एवढं जोडतो: जुनी फ्रेम (पेजमागची खरी मेमरी) मोकळी करण्याआधी बाकीच्या कोअरवरचा टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराची कॅश) पुसला गेलाच पाहिजे. नाहीतर दुसऱ्या कोअरवरचा थ्रेड जुन्या फ्रेमवर लिहीत राहील, आणि तोपर्यंत ती भलत्याच प्रोसेसला दिलेली असेल.

धागाकर्ता

एकच फंक्शन लिहिलं, दोन्हीकडून तेच बोलावतो. फोर्कची चाचणी आता मुलाला ० आणि पालकाला १७० दाखवते. लायब्ररीवाला प्रोग्राम रात्रभर लूपमध्ये लावला होता, सकाळी चालूच होता.

टीएलबी पुसणं फ्रेम मोकळी केल्यानंतर होत होतं, तो क्रम उलटा केला. एमरीमॅपने (मॅपिंगचा आकार बदलणारा कॉल) वाढवायला सांगितलं की सध्या सरळ "मेमरी नाही" म्हणतो. रिअॅलॉक मग नवीन जागा घेऊन मजकूर कॉपी करतं, त्यामुळे अजून कुणी तक्रार केलेली नाही. केलीच तर वेगळा धागा काढतो.