गॉस्पेल बँड घेऊन गावोगाव फिरतो, पण आता कशावर टिकायचं तेच कळेना

बेसवाला_नगर

जय ख्रिस्त सगळ्यांना. इथं नुसतं वाचत असतो, आज लिहायलाच बसलो. आमचा मराठी गॉस्पेल, म्हणजे ख्रिस्ती भक्तिगीतांचा बँड आहे, नगरचा. कीबोर्ड, गिटार, बेस, ढोलकी, ड्रम्स आणि गाणाऱ्या दोन ताई. संजीवन सभा (श्रद्धा जागवायला भरतात त्या), तरुणांची शिबिरं, नाताळच्या आधीचे कार्यक्रम, ज्या चर्चची मंडळी बोलावेल तिकडं जातो, श्रीरामपूर, जालना, सोलापूर, पार नंदुरबारपर्यंत. सगळे नोकरीवाले. शनिवारी दुपारी निघायचं, रविवारची उपासना करून रात्री परत आणि सोमवारी सकाळी ड्युटीवर हजर.

मागचं वर्ष फार जड गेलं. ड्रमरला पुण्यात नोकरी लागली, तो गेला. एका ताईच्या वडिलांचं डायलिसिस सुरू झालं, ती प्रोग्रामला येते पण स्टेजवरून उतरली की पहिला फोन घरी. साउंड मिक्सरच्या दोन चॅनलमध्ये इतकी धूळ गेलीय की फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची सरकती पट्टी, हलवला की चर्रर्र आवाज येतो, ताईचा आवाज त्यातच जातो. हिशोबाची वही माझ्याकडे असते, डाव्या पानावर डिझेल, टोल, साउंडचं भाडं, जेवण आणि उजव्या पानावर अर्पण, म्हणजे लोक उपासनेत देतात ते पैसे. उजवं पान डाव्याला कधी गाठतच नाही, कमी पडतील ते आम्ही आपसात वाटून भरतो.

पैशाचं तरी चालवून घेतलं असतं. पावसाळ्यात जालन्याकडं एका गावात गेलो, लाइट गेली, जनरेटर नाही, बहुतेक खुर्च्या रिकाम्या. कीबोर्डवर ताडपत्री टाकली आणि ढोलकीवर जेवढी म्हणता आली तेवढी गाणी म्हटली, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, संपलं. येताना गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. आधी असं झालं की आमच्यातलं कोणीतरी म्हणायचंच, अरे एका माणसाला जरी आशा मिळाली तरी पुरे. आता ते कोणाच्या तोंडून निघत नाही, माझ्याही नाही.

जे लोक असे फिरून गातात, किंवा आधी गायचे, ते कशावर टिकले? प्रार्थना करा एवढंच नका सांगू, ती करतोच आम्ही.

कॉयर_मास्तर

दादा, जय ख्रिस्त. तुमचं वाचताना सारखे फिस्क ज्युबिली सिंगर्स डोळ्यासमोर येत होते. मी चर्चचा कॉयर घेतो आणि नवीन पोरं आली की त्यांना ही हकिगत सांगतोच, तुम्हालाही सांगतो, जरा लांबेल.

अमेरिकेत नॅशव्हिलला फिस्क म्हणून शाळा, नंतर तिचं विद्यापीठ झालं. यादवी युद्ध संपल्यावर 1866 साली मिशनवाल्यांनी गुलामीतून सुटलेल्या लोकांसाठी काढलेली, तीही लष्कराच्या जुन्या हॉस्पिटलच्या बराकींमध्ये. पाच वर्षांत ती बंद पडायच्या बेताला आली. तिथला खजिनदार जॉर्ज व्हाइट, तोच पोरांना गाणं शिकवायचा. त्यानं तिजोरीत उरलेले पैसे उचलले आणि 6 ऑक्टोबर 1871 ला नऊ विद्यार्थी घेऊन निघाला, गाऊन पैसे जमवायला. त्यातले बहुतेक जण गुलामीत जन्मलेले.

त्यातली एला शेपर्ड, पियानो तीच वाजवायची. तिच्या बापानं पैसे भरून तिला गुलामीतून सोडवलेलं. पुढं बाप कॉलऱ्यानं गेला, डोक्यावर कर्ज, घरातला पियानोसुद्धा देणेकऱ्यांनी उचलून नेला. सिनसिनाटीत एका शिक्षकानं तिला शिकवायचं कबूल केलं पण अट घातली, रात्रीचं यायचं, मागच्या दारानं यायचं आणि कोणाला सांगायचं नाही. ती तशी शिकली. फिस्कला आली तेव्हा तिच्याकडे सहा डॉलर होते.

टूरवर निघाल्यावर काय, हॉटेलवाले काळे म्हणून खोली द्यायचे नाहीत, थंडी सुरू झालेली आणि अंगावर धड गरम कपडे नाहीत. ओहायोत सुरुवातीच्या एका कार्यक्रमात पन्नास डॉलरसुद्धा जमले नाहीत. त्याच आठवड्यात शिकागोला ती प्रचंड आग लागलेली. ह्या पोरांनी जमलेले सगळे पैसे आगीत घरं गेलेल्यांना पाठवून दिले, स्वतःची शाळा बुडतेय आणि पुढच्या गावाच्या भाड्याची सोय नाही अशात. पुढं 1873 ला हे लोक इंग्लंडात राणी व्हिक्टोरियासमोर गायले, पण मला त्या पन्नास डॉलरचंच जास्त अप्रूप वाटतं.

आणि गाणी. सुरुवातीला ते गोऱ्या लोकांना आवडतील अशी मैफलीतली गाणी म्हणायचे. आईबापांनी शेतात राबताना, रात्री चोरून प्रार्थनेला बसताना म्हटलेली गाणी त्यांनी आपल्यापुरतीच ठेवलेली, चारचौघांत म्हणायला जीव धजत नव्हता, ती त्यांना पवित्र होती आणि त्यात गुलामीचं दुखणंही होतं. नोव्हेंबरात ओबरलिनला पाळकांची मोठी परिषद भरलेली, तिथं त्यांनी ती म्हटली आणि सगळं सभागृह गप्प झालं. तिथून पुढं तीच गाणी मुख्य झाली. पहिल्याच टूरमधून 20,000 डॉलर उभे राहिले, पुढच्या टूरच्या पैशांतून ज्युबिली हॉल बांधला, 1876 ला त्याचं उद्घाटन झालं, आजही उभा आहे.

कशावर टिकले विचारलंत ना, मला वाटतं दोन गोष्टींवर. पैसा कोणासाठी जमवतोय ते त्यांना पक्कं माहीत होतं, आपल्यामागून येणारी पोरं शिकायला पाहिजेत. आणि जी गाणी गायले त्यात त्यांचं स्वतःचं दुःख होतं, दुसऱ्याचं उसनं घेतलेलं नव्हतं. तुम्ही पण एखादं काम ठरवा, एखाद्या पोरीची नर्सिंगची फी म्हणा किंवा वसतिगृहाचं धान्य, आणि प्रत्येक कार्यक्रमाच्या अर्पणातला ठरलेला भाग आधी तिकडं काढून ठेवा.

साउंडवाला_भाऊ

मास्तर, तुमच्याबद्दल आदर आहे पण शेवटचं मला नाही पटत. हे लोक आधीच खिशातून घालतायत आणि तुम्ही सांगताय आधी दुसऱ्याला द्या. मी साउंड करतो, वर्षानुवर्षं अशा टीमबरोबर फिरलोय आणि चांगल्या चांगल्या टीम फुटताना बघितल्यात, श्रद्धा कमी पडली म्हणून नाही हो, झोप कमी पडली म्हणून. रविवारी रात्री घाटातून गाडी चालवणारा माणूस सोमवारी मशीनवर उभा राहतो, असं किती दिवस चालणार? घरचे काही बोलत नाहीत, मग एक दिवस सगळंच बोलून टाकतात.

बेसवाला दादा, माझं ऐका. बोलावणं आलं की फोनवरच सांगायचं, डिझेल, टोल आणि साउंडचा खर्च मंडळीनं उचलायचा, अर्पण वेगळं. लाजायचं नाही. पाळकसाहेबांना सांगितलं की ते कमिटीला विचारतात आणि निम्म्यापेक्षा जास्त ठिकाणी हो म्हणतात, फक्त आपल्याकडं कोणी तोंड उघडत नाही. ज्या मंडळीला खरंच जमत नसेल तिथं आपल्या खर्चानं जा, पण ते तुम्ही ठरवून जा. महिन्यातला एक रविवार स्वतःच्या चर्चमध्ये मागच्या बाकावर बसा, गिटार घरी ठेवून. आणि ज्या ताईंचे वडील आजारी आहेत त्यांना आता काही दिवस लांबच्या दौऱ्याला नेऊ नका, नगर तालुक्यात असेल तिथंच त्या गातील.

कॉयर_मास्तर

भाऊ, झोपेचं तुम्ही म्हणता ते फिस्कवाल्यांच्या बाबतीतही खरं आहे, मी आधी लिहायला पाहिजे होतं. जॉर्ज व्हाइटची तब्येत पार ढासळली, एला शेपर्ड दुखणं अंगावर काढत वाजवत राहिली आणि 1878 ला जर्मनीच्या दौऱ्यानंतर ती टीम थकूनच मोडली. शाळा वाचली पण माणसांनी फार सोसलं. खर्च आधी वसूल करा हे मान्य. पण कोणासाठी गातोय ते पक्कं असावं हे मी सोडणार नाही, रक्कम दहा रुपये असली तरी चालेल.

सातारची_लेक

दादा, मी एक आपल्याच मातीतलं सांगते. रेव्हरंड नारायण वामन टिळक, नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये होते, आपल्या उपासना संगीतात, म्हणजे चर्चच्या गीतांच्या पुस्तकात, त्यांची किती पदं आहेत ते तुम्हाला सांगायला नको. 1917 ला त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, वय छप्पन्नच्या आसपास, आणि आमच्या साताऱ्यात येऊन देवाचा दरबार नावाचा येशूच्या अनुयायांचा बंधुसमाज काढला. पुढं दोनच वर्षं मिळाली त्यांना, 1919 ला गेले. त्यांना काय पाहिजे होतं, तर येशूची गोष्ट परदेशी वेषात नको, अभंगात, भजनात, कीर्तनात लोकांच्या कानावर पडू दे. त्यांच्याही आधी नगरमध्येच कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करत होते, म्हणजे तुमच्याच गावाला हा फिरून गायचा वारसा आहे बघा.

तुमच्या जालन्याच्या रात्रीबद्दल मला एवढंच विचारायचंय, लाइट गेल्यावर ढोलकीवर काय म्हटलंत? कारण आमच्या गावाकडं मी बघितलंय, पूर्ण बँड लावून हिंदी-इंग्लिश चालीवरची गाणी झाली की म्हाताऱ्या बायका कौतुकानं बघतात, पण गात नाहीत. टाळ-ढोलकीवर जुनं पद सुरू झालं की पदराआडून ओठ हलायला लागतात, दुसऱ्या कडव्याला आवाज फुटतो आणि मग थांबवावं लागतं. पाठ असतं त्यांना सगळं, वाचता येत नसलं तरी. माझ्या आजीला शेवटच्या आजारपणात घरातल्यांची नावं आठवत नव्हती पण पद सुरू केलं की पुढची ओळ ती म्हणायची. तुमच्यासारखी फिरती माणसं तिच्या लहानपणी वाडीवर यायची, त्यांच्याकडून शिकलेली ती. त्या माणसांना पुढं काय झालं ते कधी कळलं नसणार. तुम्ही कशावर टिकायचं विचारता म्हणून सांगते, निदान आमच्या घरात तरी ते काम वाया गेलेलं नाही.

बेसवाला_नगर

ताई, तुमचं दोनदा वाचलं, मग टीमच्या ग्रुपवर टाकलं. त्या रात्री आम्ही जुनी पदंच म्हटली होती, ड्रम्स-कीबोर्डशिवाय दुसरं काय म्हणणार. आणि आता आठवतंय, पहिल्या रांगेतली दोन-तीन माणसं बरोबर गात होती. अंधारात मी खुर्च्या मोजत बसलो होतो.

काल रात्री सगळे भेटलो. भाऊंचं खर्चाचं लगेच लागू करतोय, पुढच्या बोलावण्यापासून. डायलिसिसवाल्या ताईला लांब नेणार नाही म्हटलं तर ती आधी रडली, मग म्हणाली मलाच विचारायचं होतं पण तुम्हाला अडचण होईल म्हणून बोलले नाही. मास्तरांचं पण घेतलं, तिच्या वडिलांच्या डायलिसिसच्या गाडीभाड्यासाठी प्रत्येक अर्पणातून आधी बाजूला काढायचं, बाकी नंतर बघू. आणि ड्रमर मिळेपर्यंत ढोलकी-टाळावरच निम्मा कार्यक्रम बसवतोय, सामान कमी म्हणजे छोट्या गाडीत पण मावेल. मनातला जडपणा गेला असं म्हणत नाही, पण पुढच्या महिन्यात राहुरीकडं जायचंय आणि जायची इच्छा आहे.

मास्तर, ते फिस्कवाले कधी आपल्याकडं आले होते का?

कॉयर_मास्तर

आले होते. मूळ टीम मोडल्यावर त्यांच्यातलाच फ्रेडरिक लाउडिन यानं गायक जमवले आणि 1884 पासून सहा वर्षं जग फिरला, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मग भारत, पुढं जपानपर्यंत. आग्र्याला ताजमहालात गायले ते. तुमच्या बैठकीचं वाचून फार बरं वाटलं, ताईंच्या वडिलांसाठी आमच्या कॉयरमध्ये या रविवारी प्रार्थना घेतो.

साउंडवाला_भाऊ

दादा, राहुरीला जायच्या आधी त्या मिक्सरचं बघा. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मागा, फेडरला चालेल असाच सांगा, साधा गंज काढायचा स्प्रे अजिबात मारू नका, त्यानं फेडर कायमचा जातो. प्लग काढायचा, थोडंसं मारायचं, फेडर वीस-पंचवीस वेळा वरखाली करायचा आणि रात्रभर सुकू द्यायचं. तरी चर्र आलं तर मला मेसेज करा, मी नगरला असतो बऱ्याचदा, येऊन उघडून बघतो.