डिस्ने वर्ल्डच्या बस, मोनोरेल, स्कायलायनरने फिरताना: आजी-आजोबा, स्कूटर आणि स्ट्रोलर कसं जमवायचं?

अबोली_क

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ऑर्लँडोला वॉल्ट डिस्ने वर्ल्डला जायचं ठरलंय. पाच रात्री डिस्नेच्याच पॉप सेंच्युरी हॉटेलात. आम्ही दोघं, मुलगी ८ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा आणि पुण्याहून आलेले आई-बाबा. बाबा ठणठणीत आहेत, पण आईचे गुडघे सलग दहा-पंधरा मिनिटांच्या वर साथ देत नाहीत.

प्रश्न असे: व्हीलचेअर घ्यावी की बसून चालवायची बॅटरीवरची खुर्चीवाली स्कूटर? ती त्यांच्या बसमध्ये चढते का? स्ट्रोलर (मुलाची ढकलगाडी) दर वेळी घडी करावाच लागतो का? आई स्कूटरवर असली तर आम्ही सहाही जण तिच्याबरोबर आधी चढायचं का? रांगेतल्या लोकांना ते खटकत असेल तर तसं करायची इच्छा नाही. आणि स्वतःची गाडी आहे, मग बसच्या भानगडीत पडावंच का?

रानवारा

स्ट्रोलरचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच होतो. नियम वाहनागणिक बदलतो. बसमध्ये घडी करूनच चढायचं. मोनोरेलमध्ये आणि मॅजिक किंगडम पार्कच्या मोठ्या फेरीबोटीवर स्ट्रोलर उघडा, मूल आत बसलेलं असलं तरी चालतं. स्कायलायनरमध्ये, म्हणजे रोपवेसारख्या पाळण्यात, मावत असेल तर उघडा ढकलत न्यायचा. तलावातल्या छोट्या लाँचवर घडी करावी लागते. पार्किंगमधल्या ट्रॅमवरही तेच.

मापाची मर्यादा ३१ इंच रुंद आणि ५२ इंच लांब. ओढायच्या वॅगनवर १ मे २०१९ पासून बंदीच आहे, स्ट्रोलरसारखी ढकलता येणारी वॅगनही चालत नाही. जुळ्यांचा शेजारी-शेजारी सीटवाला स्ट्रोलर असेल तर घरीच टेप लावून मोजा.

घडी करायची वेळ बस येऊन दार उघडल्यावरची नाही. बस वळणावर दिसली की मुलाला आजोबांकडे द्यायचं, खालच्या जाळीतली पिशवी काढून खांद्याला लावायची, कपहोल्डरमधली बाटली काढायची (ही हमखास विसरते आणि बसच्या पायरीवर सांडते), मग घडी आणि क्लिप. क्लिप न लावलेला स्ट्रोलर बसने ब्रेक मारला की उघडतो आणि समोरच्याच्या नडगीवर आदळतो. आत गेल्यावर तो दोन गुडघ्यांमध्ये उभा धरायचा, मधल्या वाटेत आडवा टाकायचा नाही. एका हाताने घडी होणारा, ७-८ किलोच्या आतला स्ट्रोलर असेल तर पाच दिवसांत त्याचे पैसे वसूल होतात. घरचा भला मोठा, तीन चाकांचा जॉगिंगवाला आणू नका.

चाकोरी

स्कूटरबद्दल. तिथे तिला ईसीव्ही (इलेक्ट्रिक कन्व्हेयन्स व्हेइकल) म्हणतात, बुकिंग करताना हाच शब्द वापरा.

पहिली गोष्ट: पार्कच्या आत भाड्याने मिळणारी व्हीलचेअर किंवा ईसीव्ही पार्कबाहेर नेता येत नाही. म्हणजे बसस्टॉपपासून तपासणी आणि गेटपर्यंतचं अंतर आईंना पायीच चालायचं. दमायला तेवढं पुरतं, आणि संध्याकाळी परतताना तर जास्तच. शिवाय तिथे आधी येईल त्याला मिळते, आरक्षण नाही. त्यामुळे मुक्कामभरासाठी बाहेरच्या कंपनीकडून हॉटेलवर मागवा. ठरवताना एवढं नक्की विचारा की ते स्कूटर हॉटेलच्या सामान-कक्षात ठेवून जाणार की ताब्यात घ्यायला तुम्ही स्वतः हजर हवं.

दुसरं माप. बससाठी ३२ बाय ४८ इंच हा आकडा धरा. कंपनीच्या वेबसाइटवर दिलेली लांबी बहुधा नुसत्या स्कूटरची असते. पुढे टोपली आणि मागे ऑक्सिजनचा किंवा काठीचा होल्डर लावला की चार-सहा इंच वाढतात. तीन चाकी कमी जागेत वळते, पण वेगात वळण घेतलं तर कलंडते. चार चाकी स्थिर असते, पण बसमध्ये वळवायला जागा जास्त लागते. आईंनी आयुष्यात कधी दुचाकीही चालवली नसेल तर चार चाकी छोटं ट्रॅव्हल मॉडेल घ्या आणि पहिल्या संध्याकाळी हॉटेलच्या आवारात अर्धा तास सराव करू द्या.

बसमध्ये चढताना: स्टॉपवर व्हीलचेअरसाठी वेगळी जागा आखलेली असते, तिथे थांबायचं. ड्रायव्हर रॅम्प खाली सोडतो आणि खूण करतो, तोवर पुढे जायचं नाही. हँडलवरची वेगाची चकती कासवाच्या चित्राकडे पूर्ण फिरवायची. सशाकडे राहिली तर अंगठा जरासा दाबला तरी स्कूटर उडी मारते, रॅम्पवर सर्वाधिक धडका यानेच होतात. आत गेल्यावर थोडं पुढे, थोडं मागे करत तिला बसच्या बाजूच्या भिंतीला समांतर लावायचं. आईंना हे जमत नसेल तर त्यांनी चालत चढावं आणि तुमच्यापैकी कोणी स्कूटर आत न्यावी. ड्रायव्हर पट्टे लावून स्कूटर बांधतो, पण माणसाला उचलत नाही, धरून बसवत नाही. किल्ली बंद करून आईंना शेजारच्या सीटवर बसवा. चालत्या वाहनात स्कूटरच्या सीटवर बसून राहू नये.

एका बसमध्ये बहुतेक वेळा अशा दोनच जागा असतात. तिसरी स्कूटर पुढच्या बसची वाट बघते. पार्क बंद होताना ही वाट लांबते.

रात्री खोलीत चार्जिंगला लावायला विसरू नका. पूर्ण दिवसाच्या चढउतारांनंतर दुसऱ्या दिवशी दुपारी चारला बॅटरी संपते, आणि बंद पडलेली स्कूटर क्लच सोडून ढकलत न्यायची म्हणजे बाबांची कंबर गेली.

मुक्कामपोस्ट

रांगेतल्या शिष्टाचाराबद्दल विचारलंत हे फार बरं केलंत.

स्कूटर किंवा व्हीलचेअर आधी चढवतात, याचं कारण साधं आहे. त्या बांधायच्या जागेवरच्या सीटा दुमडाव्या लागतात आणि रॅम्पसमोरची वाट मोकळी लागते. बस भरल्यावर हे करायचं तर सगळ्यांना उतरवावं लागेल. म्हणून ती कुणावर केलेली मेहेरबानी नाही, संकोच बाळगू नका. मात्र सोबत आधी चढायचं ते मोजक्यांनी. तुमच्या बाबतीत आई आणि एक मदतनीस, लहान मूल आहे म्हणून आणखी एक मोठं माणूस, एवढं पुष्कळ झालं. सहाही गेलात तरी ड्रायव्हर बहुधा अडवणार नाही, पण उकाड्यात पाऊण तास उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत सहा सीटा जातात हे लक्षात घ्या. उरलेले रांगेतून या. आणि दोन-तीन कुटुंबं मिळून गेली असतील तर बारा जण एका स्कूटरच्या मागून घुसणं अजिबात शोभत नाही.

आपल्याकडे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात, ती सवय इथे सोडून या. एकाने रांगेत उभं राहायचं आणि बाकीच्यांनी दुकानातून उगवायचं, किंवा शेजारच्या सीटवर पिशवी ठेवायची, हे दोन्ही लोकांना मनापासून खटकतं. झोपलेलं मूल मांडीवर घ्यायचं, त्याला वेगळी सीट नाही.

सीट देण्याचा लेखी नियम नाही. पण बाबा ठणठणीत असले तरी दिवसभर चालून थकलेले असतील. कुणी सीट देऊ केली तर 'नको नको' न म्हणता घ्यावी. आठ वर्षांची मुलगी दांडा धरून उभी राहू शकते, तिने गर्भार बाईला किंवा म्हाताऱ्या माणसाला जागा द्यावी. उभं राहताना ड्रायव्हरजवळच्या रेषेच्या पुढे यायचं नाही, नाहीतर बस सुटत नाही.

राइडच्या रांगांसाठी असलेली डीएएस (अपंगत्वामुळे रांगेत थांबता न येणाऱ्यांची) सवलत बस-मोनोरेलला लागू नाही. ती दाखवून कुणी पुढे सोडणार नाही.

चाकोरी

गाडीचं राहिलं. डिस्नेच्या हॉटेलमध्ये राहणाऱ्यांना पार्कचं साधं पार्किंग फुकट असतं, त्यामुळे ॲनिमल किंगडमला गाडी नेलीत तर उत्तम. मॅजिक किंगडमला मात्र नेऊ नका. तिथे गाडी गेटपाशी जातच नाही. पार्किंग, मग ट्रान्सपोर्टेशन अँड तिकीट सेंटर, मग तलाव ओलांडायला मोनोरेल किंवा फेरीबोट. उबर-लिफ्टची साधी गाडीसुद्धा याच सेंटरवर सोडते. हॉटेलची बस थेट पार्कच्या दारापर्यंत जाते, म्हणून आईंसाठी तीच सोयीची. तरीही सेंटरवरून जायची वेळ आलीच तर फेरीबोट घ्या. मोनोरेलच्या फलाटापर्यंत लांबलचक चढ आहे, बोटीच्या खालच्या मजल्यावर सपाट जाता येतं. मोनोरेलमध्ये स्कूटर न्यायची असेल तर फलाटावरच्या कर्मचाऱ्याला कुठल्या स्थानकावर उतरणार हे चढतानाच सांगायचं. तो हाताने रॅम्प टाकतो, आणि उतरायच्या ठिकाणी कुणीतरी रॅम्प घेऊन उभं असलं पाहिजे.

अबोली_क

किती नेमकं सांगितलंत सगळ्यांनी, आभार! पॉप सेंच्युरीतून स्कायलायनर आहे म्हणून हॉटेल घेतलं. पण आईला उंचीची थोडी भीती आहे, आणि जूनमध्ये पाऊस. स्कायलायनर कितपत भरवशाचा?

रानवारा

स्कायलायनर सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. पॉप सेंच्युरी आणि शेजारचं आर्ट ऑफ ॲनिमेशन हॉटेल यांच्यामधल्या तळ्यावर तुमचं स्थानक आहे. तिथून कॅरिबियन बीच हॉटेलच्या स्थानकावर उतरायचं आणि लाइन बदलायची: एक हॉलिवूड स्टुडिओज पार्कला, दुसरी रिव्हिएरा हॉटेलमार्गे एपकॉट पार्कला. एपकॉटची लाइन मागच्या दाराशी, म्हणजे पार्कच्या वर्ल्ड शोकेस भागात सोडते. मॅजिक किंगडम, ॲनिमल किंगडम आणि डिस्ने स्प्रिंग्जला (दुकानं आणि खाण्यापिण्याचा परिसर) बसच.

रायगडच्या रोपवेत पाळणा थांबतो आणि मग आपण चढतो. इथे तो सावकाश सरकत राहतो. पण स्कूटर, व्हीलचेअर किंवा काठीवाल्यांसाठी बाजूला वेगळी वाट आहे, तिथे पाळणा पूर्ण थांबवतात. आत शिरताना कर्मचाऱ्याला सांगा, आईंना पळत्या दारात पाय टाकावा लागणार नाही. पाळण्यात दहा माणसं मावतात, स्कूटर असेल तर अर्थातच कमी. एसी नाही, हवा खेळायला झडपा आहेत. चालू असताना बरं वाटतं, मध्येच थांबला की दुपारी उकडतं. भीती वाटत असेल तर आईंना उलट्या दिशेला तोंड करून, मधोमध बसवा.

वीज आणि जोराचा वारा आला की तो बंद करतात, आणि फ्लोरिडात जूनमध्ये दुपारी गडगडाट रोजचाच. बंद असताना बस सोडतात, पण त्या रांगेत दोन पार्कांची माणसं एकदम येतात. आकाश काळवंडलं की पाऊस सुरू व्हायची वाट न बघता निघा, नाहीतर सरळ आत छताखाली तासभर काढा. मॅजिक किंगडमची आतषबाजी संपल्यावरही असंच: लगेच बसस्टॉपकडे धावू नका. मेन स्ट्रीटची दुकानं पार्क बंद झाल्यावरही उघडी असतात, तिथे थंडाव्यात बसा. बस पार्क बंद झाल्यावरही साधारण तासभर चालू असतात.

मुक्कामपोस्ट

एक भर. सकाळी तुमच्या हॉटेलच्या स्टॉपवर पुढची बस किती मिनिटांत येतेय ते डिस्नेच्या अ‍ॅपमध्ये दिसतं. हॉटेलवाल्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात, त्यासाठी बस त्याच्याही आधीपासून सुटू लागतात. तुम्हाला स्कूटर चढवायची आहे, म्हणून स्टॉपवर त्याही आधी या. सकाळी पहिल्या बसला स्कूटरच्या दोन्ही जागा बहुधा मोकळ्या असतात, साडेनऊनंतर नाही.

आणि एका हॉटेलमधून दुसऱ्या हॉटेलला थेट बस नाही, मध्ये एखाद्या पार्कला किंवा डिस्ने स्प्रिंग्जला बदलावी लागते. दुसऱ्या हॉटेलात जेवायचं बुकिंग असेल तर दीड तास हातात ठेवा, किंवा त्या दिवशी गाडीच काढा. गाडीत न्यायची तर ट्रॅव्हल स्कूटर सीट, टोपली, बॅटरी आणि सांगाडा अशी सुटी होते. सांगाडाच सगळ्यात जड, तो दोघांनी उचला.