आर भाषेतील एजंटला दिलेल्या टूलच्या वर्णनात नेमके काय लिहावे?

प्रश्न (नाशिक रोड)

नमस्कार. मी एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी कांद्याच्या भावांचे विश्लेषण करते. लासलगाव आणि पिंपळगाव बसवंत या बाजारांतील रोजची आवक, तसेच प्रति क्विंटल किमान, कमाल आणि सर्वसाधारण भाव माझ्याकडे नोंदलेले आहेत. आर या संगणकभाषेतून एआय मॉडेल वापरण्याची सोय देणारे एल्मर पॅकेज वापरून मी एक एजंट, म्हणजे प्रश्न वाचून स्वतःच योग्य टूल (त्याला दिलेले फंक्शन) निवडणारा एआय सहायक, तयार केला असून त्याला सरासरीचे, सारांशाचे आणि दोन बाजारांच्या तुलनेचे अशी तीन टूल दिली आहेत. तिन्हींची वर्णने एकेका ओळीची आहेत. उदाहरणार्थ, ‘दिलेल्या स्तंभाची सरासरी काढते’.

कोड मी तपासला आहे, त्यात चूक नाही. तरीही ‘गेल्या आठवड्यात लासलगावला सरासरी भाव काय होता?’ असे विचारले की एजंट कधी किमान आणि कमाल भावांचा मध्य सांगतो, तर कधी लिलाव बंद असलेल्या दिवसांची शून्येही हिशेबात धरतो. माल कधी बाहेर काढायचा हे सभासद या आकड्यांवरून ठरवतात, त्यामुळे मला याची फार काळजी वाटते. दोष वर्णनाचा असेल का?

प्रतिसाद १ (गंगापूर रोड)

ताई, दोष वर्णनाचाच आहे असे मला वाटते. टूल निवडताना मॉडेलला तुमच्या फंक्शनच्या आतला कोड दिसत नाही; टूलचे नाव, वर्णन आणि आर्ग्युमेंटांची (फंक्शनला द्यायच्या मूल्यांची) माहिती एवढेच त्याच्यासमोर असते. तुम्हाला ठाऊक असलेली जी गोष्ट या तीन ठिकाणी लिहिलेली नाही, ती त्याच्या दृष्टीने अस्तित्वातच नसते.

तुमच्या प्रश्नातला ‘सरासरी’ हा शब्दच दुहेरी अर्थाचा आहे. आपल्याकडे बाजारभावाच्या बातमीत ‘सरासरी भाव’ म्हटले की बहुधा बाजार समितीने जाहीर केलेला सर्वसाधारण भाव, म्हणजे ज्या भावाने बहुतांश माल विकला गेला तो भाव, अभिप्रेत असतो. संख्याशास्त्रातली सरासरी ही वेगळी गोष्ट आहे. हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही, मॉडेलला मात्र सांगावे लागते. मी वर्णन असे लिहीन : ‘एका बाजारातील दिलेल्या तारखांदरम्यानच्या सर्वसाधारण भावाची आवकेने भारित सरासरी, रुपये प्रति क्विंटल या एककात देते. वापरकर्ता सरासरी भाव म्हणतो तेव्हा हेच टूल वापरावे. किमान आणि कमाल भावांवरून सरासरी काढू नये. लिलाव बंद असलेले दिवस वगळले जातात आणि किती दिवस धरले, किती वगळले हे उत्तरासोबत परत मिळते.’

शून्यांचे काम मात्र केवळ वर्णनावर सोडू नका. 1800, 2000, 0 आणि 2200 यांची सरासरी 1500 येते, बंद दिवस वगळला तर 2000 येते. सभासदाच्या हिशेबात क्विंटलमागे 500 रुपयांचा हा फरक मोठा आहे. बंद दिवसाची नोंद मुळातच ‘एनए’ (आरमधील ‘मूल्य उपलब्ध नाही’ ही खूण) अशी करा आणि ती वगळण्याचा निर्णय फंक्शनच्या आत पक्का करा.

प्रतिसाद २ (पंचवटी)

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून तुलनेच्या टूलबद्दल लिहितो, कारण तिथला धोका मला अधिक गंभीर वाटतो. ‘दोन बाजारांची टी-चाचणी करते’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. (टी-चाचणी म्हणजे दोन सरासरींतला फरक केवळ योगायोगाचा असू शकतो का हे तपासणारी चाचणी.) आरमधील टी-चाचणी काही न सांगितल्यास वेल्चची पद्धत वापरते, म्हणजे दोन्ही गटांचे प्रचरण (मूल्यांचा विखुरलेपणा) समान धरत नाही, तर पायथन भाषेच्या सायपाय पॅकेजमधील दोन नमुन्यांची चाचणी समान प्रचरण गृहीत धरते; म्हणून कोणती पद्धत वापरली आहे ते वर्णनात असलेच पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, एकाच दिवशीचे दोन बाजारांतले भाव जोडीने येतात, आणि आजचा भाव कालच्या भावाशी बांधलेला असतो. निरीक्षणे परस्परांपासून स्वतंत्र असल्याचे गृहीतक इथे टिकत नाही आणि पी-मूल्य (खरा फरक नसतानाही एवढा फरक योगायोगाने दिसण्याची शक्यता) खोटा विश्वास देऊ शकते. तेव्हा ‘रोजच्या भावांच्या मालिकेसाठी हे टूल वापरू नये’ असे वाक्य स्पष्टपणे लिहा. टूल कधी वापरू नये हे सांगणारे वाक्य माझ्या मते वर्णनातले सर्वांत मोलाचे असते, आणि नेमके तेच बहुतेक वेळा राहून जाते.

प्रतिसाद ३ (सिडको)

वरील दोन्ही मते मान्य आहेत, परंतु सर्व काही वर्णनात कोंबू नये. बाजाराचे नाव मोकळ्या मजकुराऐवजी ठरावीक पर्यायांच्या प्रकारात घेतले, तर ‘पिंपळगाव’ आणि ‘पिंपळगाव बसवंत’ असा गोंधळ उद्भवणारच नाही. फंक्शनच्या दस्तऐवजावरून टूलच्या व्याख्येचा मसुदा करून देण्याची सोय एल्मरमध्ये आहे. तो मसुदा सुरुवातीसाठी उपयोगी पडतो, पण लासलगावच्या लिलावाची माहिती त्यात आपणच भरावी लागते.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सरासरीच्या टूलचे वर्णन बदलले, बंद दिवस ‘एनए’ केले आणि सभासद प्रत्यक्षात विचारतात तसे वीस प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून एजंटला विचारले. सरासरी भावाच्या प्रत्येक प्रश्नाला आता तो योग्य टूल निवडतो. तुलनेचे टूल सध्या काढून टाकले आहे. दोन्ही बाजारांच्या रोजच्या भावांतील फरक आलेखावर दाखवणारे टूल त्याच्या जागी लिहीत आहे.